पुण्याईचं पासबुक

सप्टेंबरच्या सुरुवातीला भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या बसना गर्दी होते ती वेलंकनी माउलीच्या सणाची. तीत ख्रिस्ती असतात, तसे नवस फेडायला निघालेले हिंदूही. नवसातला व्यवहार उघड असतो: तू हे दे, मी ते देईन. पुण्याचंही आपण पासबुकच ठेवतो.

या हिशेबावरूनच सोळाव्या शतकात पश्चिमेकडची ख्रिस्ती मंडळी दुभंगली. देवासमोर माणूस नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासानं, असं मार्टिन ल्यूथर म्हणाला. बायबलमधलं याकोबाचं पत्र कृतीवर भर देतं, म्हणून ते त्याला गवतासारखं हलकं वाटलं. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७मध्ये त्यातला ‘केवळ’ नाकारला. पण देवाची कृपा आधी, हे तिलाही मान्य होतं. भांडणाच्या धुरळ्यात ते कुणी फारसं ऐकलं नाही. याविषयी कॅथलिक आणि ल्यूथरन यांच्या एकत्रित निवेदनावर सह्या झाल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, आउग्सबुर्गमध्ये.

पंडिता रमाबाई हा वाद जगल्या. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन. विधवांना आसरा, शिक्षण. सत्कृत्यांत कसलीच उणीव नव्हती. तरी १९०७च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तारण कमवायचं नसतं, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी उमगलं. एखादी बाई मग हात जोडून स्वस्थ बसली असती. या बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. कामातून पुण्य मिळवायचं नाही म्हटल्यावर काम वाढलं! ल्यूथरच्या बाजूनं मला याहून बळकट पुरावा ठाऊक नाही, आणि गंमत म्हणजे तो याकोबालाही पटेल.

विश्वास आणि कृतीची तशीच सांगड भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईत दिसली: ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची हिरवाई राखायला रस्त्यावरही उतरले. धर्मगुरूनं या भानगडीत का पडावं, असं म्हणणारे होतेच. दिब्रिटो २०२४मध्ये गेले. तो प्रश्न विचारणारे अजून आहेत.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अंतिम न्यायाच्या वेळी नीतिमान लोक चकित होतात. आपण कुणाला जेवू घातलं, हे त्यांना ठाऊकच नसतं. पासबुक भरायचं त्यांना सुचलेलं नसावं.

असो. या दिवाळी अंकाच्या देणगीदारांची यादी शेवटच्या पानांवर आहे. नाव छापू नका म्हणणारे यंदाही थोडेच निघाले.