काजळलेला कंदील आणि म्हातारे तारे



कंदिलाची वात मोठी राहिली की काय होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. काच काजळते, उजेड जातो. पण काचेला बोट लावा, चटका बसतो. आत ज्योत जळतच असते.

म्हाताऱ्या ताऱ्यांचेही असेच आहे. आपल्या सूर्यासारखा किंवा त्याहून काही पट मोठा तारा उतारवयात फुगतो, तांबडा होतो आणि अंगचा वायू बाहेर टाकू लागतो. तो वायू निवला की त्यात काजळीसारखी धूळ धरते. ती फार दाट झाली तर तारा साध्या दुर्बिणीतूनही दिसेनासा होतो. धूळ मात्र तापते आणि अवरक्त किरण सोडते. अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारी ऊबच म्हणा ना!

याची उठाठेव कशाला, असे तुम्ही म्हणाल. अहो, अशाच धुळीतून पुढच्या जमिनी घडतात. आपल्या रानातली मातीही मुळात अशाच जुन्या धुळीची.

आपल्या हवेतली वाफ हे किरण बरेचसे अडवते. म्हणून अमेरिकेने २००३ साली स्पिट्झर ही दुर्बीण अवकाशात धाडली. ती २०२० पर्यंत चालली. तिचीच ऊब तिला आड येऊ नये म्हणून सुरुवातीची काही वर्षे ती द्रवरूप हेलियमने गार ठेवली होती.

तिने २००५ साली शेजारची दीर्घिका पाहून काढली. तिचे नाव मॅगेलनचा मोठा मेघ. अंतर सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे. घरचे तारे सोडून शेजारी का जायचे? उसाच्या फडात उभे राहून फडाचा अंदाज येत नाही, टेकाडावरून येतो. शिवाय तिथले सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, त्यामुळे खरा तेजस्वी कोण ते कळते.

२०१२ साली तिथल्या सुमारे ३०,००० म्हाताऱ्या ताऱ्यांचा हिशेब मांडला गेला. शंभरात चारच तारे पुरते काजळलेले, पण पाऊण हिस्सा धूळ त्यांचीच! साध्या दुर्बिणीवर विसंबले असते तर नेमके हेच सुटले असते.

तरीही मेळ बसला नाही. त्या दीर्घिकेत जेवढी धूळ आहे, तेवढी एवढ्या आवकीतून साठत नाही. मग बाकीची आली कुठून? तिथेच एका थोरल्या ताऱ्याचा स्फोट १९८७ साली दिसला होता. हर्शेल या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीने त्या जागी सूर्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाची धूळ टिपली. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. आता ती धूळ स्फोटाच्या धक्क्यातून टिकणार किती, यावर खल चालू आहे.