विमानतळाच्या वहीत पाण्याचे पान

विमानतळांविषयी व्यापारी मंडळींत चर्चा होते ती बहुधा तिकिटाचे भाडे, मालवाहतूक आणि आसपासच्या जमिनीचे वाढते भाव यांची. अलीकडे तीत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. प्रत्येक मोठा विमानतळ आपण 'हरित' असल्याचे सांगू लागला आहे. छपरावर सौर पत्रे, आवारात विजेवर चालणाऱ्या गाड्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत प्रमाणपत्र. यात काही खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याने आयुष्यभर दुकान चालवले आहे, तो वही हातात घेतल्यावर काय लिहिले आहे एवढेच पाहत नाही, काय लिहायचे राहून गेले आहे तेही पाहतो.

प्रथम जे लिहिले जाते त्याविषयी. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या युरोपीय शाखेने २००९ साली कार्बनचा हिशेब ठेवणारी एक श्रेणीपद्धत सुरू केली. २०११ पासून ती आशियातही लागू झाली. तीत पायऱ्या आहेत. आधी आपला धूर मोजायचा, मग तो कमी करायचा, पुढे आपल्या आवारातील इतरांनाही त्यात सामील करून घ्यायचे. 'कार्बन-तटस्थ' म्हणून जी पायरी गाजते, तीत मुख्यतः विमानतळाच्या स्वतःच्या ताब्यातील गोष्टी येतात, म्हणजे विकत घेतलेली वीज, स्वतःच्या गाड्यांचे आणि जनित्रांचे इंधन वगैरे. विमानाने उडताना जाळलेले इंधन विमान कंपनीच्या खात्यावर जाते. भाजी मंडईच्या मालकाने दिव्यांचे बिल दाखवावे आणि मंडईत येणाऱ्या ट्रकांचा धूर ट्रकवाल्यांकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, तसाच हा प्रकार आहे. नियमाने तो बरोबर आहे. प्रवाशाने मात्र त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा.

काही सुधारणा खरोखरच मोलाच्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. फाटकाशी उभे असलेले विमान आतील दिवे आणि गारवा चालू ठेवण्यासाठी शेपटीतील एक लहान इंजिन चालवीत असते. त्याला जमिनीवरूनच वीज आणि थंड हवा दिली तर ते इंजिन बंद ठेवता येते. इंधन वाचते, आवाज कमी होतो आणि खाली सामान चढवणाऱ्या कामगाराच्या नाकात धूर जात नाही. मुंबईच्या विमानतळाने २०२२ साली आपली सारी वीज सूर्य, पाणी आणि वारा यांपासून घेण्यास आरंभ केला, हीदेखील लहान गोष्ट नव्हे.

पण आमच्या मते आपल्या देशातील विमानतळांच्या वहीत सर्वांत महत्त्वाचे पान कार्बनचे नाही. ते पाण्याचे आहे, आणि तेच बहुधा कोरे असते.

कारण साधे आहे. धावपट्टीला मैलभर लांब, सपाट, मोकळी जमीन लागते. अशी जमीन शहराजवळ मिळते ती भातखाचरांची, खाजणाची किंवा नदीच्या काठची. म्हणजेच ज्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे पाणी पोटात घेतले, नेमकी तीच भराव घालून उंच केली जाते आणि वर डांबर-काँक्रीट ओतले जाते. पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याकडे जाते.

मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी नदी सांताक्रूझच्या धावपट्टीपाशी काटकोनात वळवली गेली आणि धावपट्टीच्या खालून नेली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विमानतळ बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला. परंतु कुर्ला, कालिना, बैलबाजार येथील ज्या लहान दुकानदारांचा आणि कारखानदारांचा माल, यंत्रे आणि हिशेबाच्या वह्या एका रात्रीत चिखलात गेल्या, त्यांपैकी किती जण पुन्हा उभे राहिले? नंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही नदीच्या त्या अनैसर्गिक वळणांकडे बोट दाखवले. चेन्नईत तर अड्यार नदीवर पूल बांधून दुसरी धावपट्टी पलीकडे नेली आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळ कित्येक दिवस बंद होता.

तथापि सर्वांत बोलका दाखला कोचीचा आहे. हा विमानतळ आम्हाला मनापासून आवडतो, कारण तो केवळ सरकारी तिजोरीवर अवलंबून न राहता आखातात आणि अन्यत्र राबणाऱ्या हजारो मल्याळी लोकांच्या भागभांडवलातूनही उभा राहिला आणि १९९९ साली सुरू झाला. आपल्या कोकणातील आखाती कमाईचे असे काही झाले असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असो. १८ ऑगस्ट २०१५ रोजी तेथे १२ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला आणि पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ म्हणून त्याचे नाव झाले. पत्र्यांखालच्या जागेत भाजीपालाही पिकवला जातो.

परंतु या विमानतळासाठी भातशेतीची जमीन भरली गेली होती आणि चेंगलतोडू नावाचा ओढा धावपट्टीने अडवला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पेरियार नदीला पूर आला आणि १५ ते २९ ऑगस्टपर्यंत विमानतळ बंद ठेवावा लागला. सुमारे अडीच किलोमीटर कुंपणभिंत कोसळली, धावपट्टीचे शेकडो दिवे निकामी झाले, सौर पत्रेही पाण्यात उभे होते. तो काळ कोणता? बकरीद आणि ओणम एकाच आठवड्यात आले होते, आखातातील माणूस घरी येण्याचा आणि बाजारात पैसा येण्याचा. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०१८ मध्ये, याच विमानतळाला सौरऊर्जेबद्दल संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणविषयक सर्वोच्च सन्मान मिळाला. सन्मान योग्यच होता, पूरही खराच होता. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहिले गेले, एवढेच. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा दोन-तीन दिवस पाण्यामुळे विमाने थांबली, तेव्हा कोठे कंपनीने सुमारे १३० कोटी रुपयांचे काम हाती घेतले आणि ओढा रुंद करणे, पूल व झडपा बांधणे सुरू झाले. या कामाबद्दल आम्ही कंपनीचे कौतुकच करतो. हीच रक्कम बांधकामाच्या आरंभी घातली असती तर ती खर्चात नव्हे, बचतीत धरावी लागली असती.

आता आपल्या दाराशी या. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. ११६० हेक्टरच्या या प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली ती ३२ अटींसह. उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, उलव्याची टेकडी फोडून तिच्या दगडांनी खाजण भरले गेले, खारफुटी गेली, दहा गावे उठली. भराव सुरू झाल्यावर पारगाव-डुंगीच्या रहिवाशांनी तक्रार केली की, पूर्वी न येणारे पाणी आता घरात येते. विमानतळाने पनवेल, उरण, तळोजा या पट्ट्याचा व्यापार वाढेल, यात शंका नाही. आमचे पुष्कळ वाचक तेथे गाळे आणि गोदामे घेत आहेत. गाळा घेणाऱ्याने रस्त्याची रुंदी विचारावी, तशीच भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर धावपट्टीवरचे पाणी कोणत्या नाल्यातून कोणाच्या दारात जाते, हेही विचारावे. विमा कंपनी ते आज ना उद्या विचारणारच आहे.

उत्तर मिळण्याचा मार्ग कायद्यात आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटी किती पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो आणि तो लोकांसाठी खुला असतो. अडचण अशी की, तो इंग्रजीत, शेकडो पानांचा आणि तक्त्यांनी भरलेला असतो. आमची मागणी मोठी नाही. १ जूनच्या अहवालासोबत मराठीत चार पाने असावीत. किती जमीन काँक्रीटखाली गेली, किती नाले वळवले, त्यांची सफाई कोणत्या तारखेला झाली आणि पाणी कोठे सोडले जाते, एवढेच त्यांत लिहावे. ती पाने भोवतालच्या ग्रामपंचायतींत आणि पनवेल महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांत लावावीत. पनवेल-उरणच्या व्यापारी संघटनांनी ही मागणी सिडकोकडे लेखी करावी, आणि ती पावसाळ्याच्या आधी करावी.