हलणारे ठिपके

आमच्या घराण्याचा ठिपक्यांशी संबंध आला तो रांगोळीपुरता. ठिपका जिथे ठेवावा तिथे तो निमूट राहतो, हा त्याचा गुण माझ्या स्वभावाला फार मानवतो. त्यामुळे गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या रात्री, लॅपटॉपवरचा ठिपका हलेना म्हणून आमची कन्या रडकुंडीला आलेली पाहिली तेव्हा, वाचकहो, खरे सांगतो, मला थोडे बरेच वाटले.

त्याला कारण होते. जूनमध्ये तिने मराठी नव्हे, गणित घेणार असे जाहीर केले. मराठीच्या प्राध्यापकाची मुलगी! त्या संध्याकाळी मी एक वाक्य बोलून गेलो. ते इथे लिहिण्याजोगे नाही. तेव्हापासून मी तिच्या संगणकाला नावे ठेवायची आणि तिने दार लावून घ्यायचे, असा क्रम चालू होता. आमच्यामधले टपालखाते सौ. सांभाळत असे.

पण साडेअकरा झाले तरी दिवा विझेना, तेव्हा चहाचा कप घेऊन मीच आत गेलो.

"काय अडलंय गं?"

"तुम्हाला नाही कळायचं, बाबा."

तरी तिने सांगितले. पायथन भाषेत मॅटप्लॉटलिब नावाची लायब्ररी आहे. (पुस्तक एकही नाही, तरी लायब्ररी!) आकडे दिले की ती चित्र काढते. जॉन हंटर या अमेरिकन संशोधकाने फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत्‌संकेत पाहण्यासाठी ती रचली, २००३ साली सर्वांना खुली केली, आणि २०१२ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. माझ्याच वयाचा. मी खुर्ची ओढून बसलो.

ठिपका हलतो म्हणजे खरे तर हलत नाही. ठरावीक वेळाने, काही न सांगितल्यास सेकंदाला पाच वेळा, त्याला नवी जागा सांगायची आणि चित्र पुन्हा काढायचे. सिनेमाचीच युक्ती. मात्र लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांत फिरवायचा तर मेख आहे. पहिल्या दोन एका आज्ञेने सांगितल्या आणि उंची वेगळ्या आज्ञेने सांगायची राहिली, तर तो जुन्याच तीन आकड्यांवर अडून बसतो. ही खोडी तिने सकाळीच काढली होती. तरीही ठिपका ढिम्म.

खाली तांबड्या अक्षरांत इशारा आला होता. तिने तो वाचला नव्हता. विद्यार्थी प्रश्न वाचत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. मी तो वाचला, मग माहितीपत्रक वाचले. त्यात स्पष्ट होते: हे चलच्चित्र एखाद्या नावाखाली ठेवा, नाहीतर पायथन ते कुणाला नको असलेले समजून झाडून टाकतो.

"अगं, तू याला नाव ठेवलेलं नाहीस."

"तेवढं तुम्ही करता ना!" ती पटकन म्हणाली, आणि मग आम्ही दोघेही हसलो. जूननंतर पहिल्यांदा.

तिने नाव ठेवले. लाल नि निळा असे दोन ठिपके फुलपाखराच्या पंखांसारख्या वेटोळ्यांतून धावू लागले. एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाची ही १९६३ सालची तीन समीकरणे. १९६१ साली त्याने एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले, आणि थोड्याच वेळाने संगणकावरचे हवामान पार निराळे झाले. इथेही दोन्ही ठिपके एकावर एक बसल्यासारखे चालले होते. मग एका वळणावर लाल डावीकडे गेला, निळा उजवीकडे.

"सुरुवातीला किती अंतर होतं गं यांच्यात?"

"एकाचा दहा हजारावा भाग."

मी बराच वेळ पाहत राहिलो. मला ते वाक्य आठवत होते. तिलाही आठवत असावे. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"पुन्हा भेटतात का हे?"

"जवळून जातात कधीकधी," ती म्हणाली. मग कपाला हात लावून, "बाबा, चहा गार झालाय."

मी कप उचलून स्वयंपाकघराकडे निघालो.

"दोन कप आणा," मागून आवाज आला, "आणि या परत. वेग कमी करायचाय."