बिबट्याला ओळखणारी गाडी

हल्ली नव्या मोटारींच्या जाहिरातीत एक गोष्ट हमखास असते. समोर काही आडवे आले की गाडी स्वतःच ब्रेक लावते! काचेमागे कॅमेरा, पुढे रडार. कल्पना उत्तमच. पण आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) रस्त्यावर आडवे काय येते, हे त्या यंत्राला कोणी शिकवले आहे का?

व्होल्वो ही मूळची स्वीडनची कंपनी. तिकडे हरणाच्या जातीचा एल्क हा घोड्याएवढा प्राणी रस्त्यावर येतो, म्हणून त्यांनी गाडीला एल्क ओळखायला शिकवले. ऑस्ट्रेलियात मात्र ही हुशारी अडखळली. यंत्र जमिनीच्या आधाराने अंतर मोजते, त्यामुळे उडी मारून हवेत गेलेला कांगारू त्याला लांब गेल्यासारखा वाटतो आणि खाली टेकला की एकदम जवळ. हे कंपनीच्याच माणसांनी २०१७ साली सांगितले. म्हणजे दर मुलखाची जनावरे यंत्राला नव्याने शिकावी लागतात.

आपल्याकडचा विद्यार्थी आहे बिबट्या. अकोले, संगमनेर, राहुरी भागात तो उसातच जन्मतो आणि वाढतो. वाहनाच्या धडकेने बिबट्या मेल्याची बातमी आता कोणाला नवी वाटत नाही. त्याला चुकवताना दुचाकीवाला पडला तर तीही छोटीशीच बातमी!

आता शाळेतले गणित करून पाहा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ३३ मीटर तिथेच संपले. मग कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी ३५ मीटर. यंत्र फार तर पहिले ३३ वाचवील. बिबट्या १५ मीटरवर उसातून बाहेर आला तर यंत्र काय करणार? वेग ४० असेल तर तेच ३५ मीटर नऊवर येतात. वेग निम्मा, अंतर पाव.

समृद्धी महामार्ग आपल्या कोपरगावातून जातो. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, वन्यप्राण्यांसाठी वाटेत भुयारी मार्गही बांधले आहेत. गावातून जाणाऱ्या रस्त्याला कुंपण घालता येणार नाही हे कबूल. दिवाळीनंतर मेंढपाळ कोकणाकडे निघतात, ते याच रस्त्यांनी. पण डांबराच्या कडेपर्यंत ऊस कशासाठी? चार-पाच मीटर पट्टा मोकळा राहिला तर ड्रायव्हरलाही दिसेल आणि यंत्रालाही. पट्टा सोडायला शेतकरी नाराज होणार, त्याची भरपाई सरकारने द्यावी. आणि जिथे बिबटे वारंवार ओलांडतात तिथे रात्री ४० ची मर्यादा, नुसत्या पाटीवर नव्हे, गतिरोधक घालून.