जर्मनीतील उच्च शिक्षण : शुल्क नाममात्र, वेळापत्रक मात्र कठोर

जर्मनीतील विद्यापीठांत शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारताने चीनला मागे टाकले. २०२३-२४ मध्ये ही संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली आणि २०२४-२५ मध्ये ती सुमारे ५९ हजारांवर पोहोचली. यांतील बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे असून अभियांत्रिकीकडे त्यांचा ओढा विशेष आहे.

या वाढीमागे इतर देशांतील बदलत्या धोरणांचाही वाटा आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर कमाल मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास मनाई केली. अमेरिकेने मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबवले होते. या पार्श्वभूमीवर, जेथे बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क आकारत नाहीत, त्या जर्मनीकडे मध्यमवर्गीय कुटुंबांचे लक्ष वळले, हे स्वाभाविकच होय.

तथापि, शुल्क नाही याचा अर्थ अडसर नाही असा होत नाही. जर्मनीत पदव्युत्तर प्रवेशासाठी केला जाणारा अर्ज वस्तुतः एक नसून चार आहेत. पहिला शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीसाठी, दुसरा विद्यापीठाकडे, तिसरा बँकेकडे आणि चौथा दूतावासाकडे. या चारही यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि प्रत्येकीचे वेळापत्रक वेगळे आहे. त्यामुळे मागे पडतो तो नेहमी गुणवत्तेने कमी असलेला विद्यार्थीच असतो असे नाही. ज्याची गुणपत्रिका उशिरा हाती येते आणि ज्याचा पैसा उशिरा उभा राहतो, असा विद्यार्थी अनेकदा मागे राहतो.

पडताळणीची पहिली पायरी

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय पदवीधरांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी 'एपीएस' प्रमाणपत्र आवश्यक झाले. चीनमध्ये ही पद्धत २००१ पासून आणि व्हिएतनाममध्ये २००७ पासून अस्तित्वात आहे. विद्यार्थ्याने सादर केलेल्या पदव्या व गुणपत्रिका खऱ्या आहेत की नाहीत, याची छाननी नवी दिल्लीतील या कार्यालयामार्फत होते. त्यासाठीचे शुल्क १८ हजार रुपये आहे. जर्मन सरकारी निधीतून शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांसारख्या काही गटांना यातून सूट आहे.

बनावट पदव्यांच्या प्रकारांमुळे प्रामाणिक विद्यार्थ्यांकडेही संशयाने पाहिले जाते. त्या दृष्टीने अशा छाननीचा लाभ त्यांनाच होतो, हे मान्य करावे लागेल. परंतु या व्यवस्थेमुळे विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात आणखी काही आठवड्यांची भर पडली. शिवाय अनेक विद्यापीठे प्रवेश अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात. त्यामुळे ते व्हिसाच्या वेळी मिळवू असे म्हणून चालत नाही. सुरुवात तेथूनच करावी लागते.

गुणांचे रूपांतर

दुसरा टप्पा विद्यापीठाचा. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्णतेचा अखेरचा दर्जा मानला जातो. परदेशी गुण या श्रेणीत बसवण्यासाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरले जाते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या फरकाला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागायचे, येणाऱ्या संख्येला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा, असे हे सूत्र आहे.

शंभरपैकी ४० गुणांना उत्तीर्ण मानणाऱ्या विद्यापीठातील ६० टक्क्यांचा विद्यार्थी या हिशेबाने ३.० वर येतो. भारतात ज्याला प्रथम श्रेणी म्हणतात, तो तेथे केवळ 'समाधानकारक' ठरतो. ७० टक्के गुण असतील तर २.५ हा दर्जा मिळतो आणि अनेक अभ्यासक्रमांनी प्रवेशाची मर्यादा याच आकड्यावर ठेवलेली आहे.

या सूत्रातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. किमान उत्तीर्ण गुण ४० ऐवजी ५० धरले, तर त्याच ७० टक्क्यांचे मूल्य २.५ वरून २.८ पर्यंत घसरते. म्हणजे विद्यार्थ्याने काहीही न करता केवळ गुणपत्रिकेवरील एका संख्येमुळे तो मर्यादेच्या आत किंवा बाहेर जाऊ शकतो. ज्या गुणपत्रिकेवर उत्तीर्णतेची किमान मर्यादा आणि श्रेणी पद्धतीचा तपशील स्पष्ट छापलेला नसतो, तिच्या धारकाला विद्यापीठाकडून तसे स्वतंत्र पत्र मिळवावे लागते. याखेरीज पदवीला कोणते विषय किती तास शिकवले गेले, हेही जर्मन विद्यापीठे बारकाईने पाहतात. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी गणिताचे पुरेसे श्रेयांक नसतील, तर उत्तम गुण असूनही अर्ज फेटाळला जातो. अशा वेळी विषयवार अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत निर्णायक ठरते.

अनेक विद्यापीठे अर्जांची प्राथमिक तपासणी बर्लिन येथील 'युनि-असिस्ट' या संस्थेमार्फत करून घेतात. तेथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढील प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. सहा ठिकाणी अर्ज केल्यास हा खर्च २२५ युरो होतो. एका युरोला १०० रुपये धरले, तर ही रक्कम साडेबावीस हजार रुपयांच्या घरात जाते. इंग्रजी वा जर्मन भाषेच्या परीक्षेचे शुल्क निराळे.

दिनदर्शिकांचा मेळ

हिवाळी सत्राच्या अर्जांसाठी १५ जुलै ही अनेक जर्मन विद्यापीठांची अंतिम तारीख असते. मागणी असलेल्या अभ्यासक्रमांत ती मार्च किंवा मे महिन्यातही असते. अध्यापन ऑक्टोबरमध्ये, तर उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. भारतात अंतिम वर्षाचे निकाल जून-जुलैत लागतात, त्यानंतर गुणपत्रिका आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळते. दरम्यान व्हिसाची भेट मिळवायची, निर्णयाची वाट पाहायची आणि निवासाची सोय करायची. निकाल महिनाभर लांबला की हे सारे गणित कोलमडते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन सुरू केले आणि ३१ जुलैची मुदत उलटूनही अनेक परीक्षांचे निकाल लागले नाहीत. परदेशात जाण्याच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा मोठा फटका बसला. विद्यापीठाच्या दृष्टीने तो काही आठवड्यांचा विलंब होता. विद्यार्थ्यांसाठी मात्र वर्ष पणाला लागले होते. देशातील ज्या विद्यापीठाचे परीक्षा वेळापत्रक विस्कळीत होते, तेथे हीच कथा कमी-अधिक प्रमाणात घडते.

विनाशुल्क शिक्षणाची किंमत

तिसरा टप्पा पैशाचा. शिक्षणशुल्क नसले, तरी विद्यार्थ्याने स्वतःच्या निर्वाहाची सोय आधी दाखवणे बंधनकारक आहे. त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडून त्यात वर्षभराची रक्कम भरून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो करण्यात आली. जर्मनीत पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. वरील दराने ही रक्कम जवळपास १२ लाख रुपये होते. हा पैसा विद्यार्थ्याचाच असतो आणि त्यालाच परत मिळतो, हे खरे. पण व्हिसाच्या अर्जापूर्वी तो एकरकमी उभा करावा लागतो आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

कर्ज काढणाऱ्या कुटुंबांना अलीकडे काहीसा दिलासा मिळाला आहे. विहित वित्तसंस्थांकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवरील 'टीसीएस' १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. स्वतःच्या बचतीतून पैसे पाठवणाऱ्यांना मात्र वर्षाला १० लाखांवरील रकमेवर तो लागू आहे. हा कर विवरणपत्र भरताना समायोजित होतो. तरीही ऐन गरजेच्या वेळी तेवढी अधिक रक्कम हाताशी असावी लागते.

शिष्यवृत्तीचा आधार आहे, पण तो सर्वांना पुरणारा नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची २००३ मध्ये सुरू झालेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांनी वंचित समाजांतील अनेकांसाठी परदेशी शिक्षणाचा मार्ग खुला केला. तथापि, या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीतील स्थानाची अट असते. जर्मनीतील उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे उद्योगांशी घट्ट जोडलेली असली, तरी संशोधनावर भर देणाऱ्या अशा क्रमवाऱ्यांत ती सहसा दिसत नाहीत. परिणामी, ज्या देशात शिक्षण सर्वांत स्वस्त आहे, तेथील कित्येक संस्था गरजू विद्यार्थ्याच्या कक्षेबाहेर राहतात.

'जर्मनीत शिक्षण मोफत' हे विधानही आता सरसकट खरे राहिलेले नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र १,५०० युरो घेते. म्युनिक तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा विद्यार्थ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रतिसत्र ४,००० ते ६,००० युरो शुल्क लागू केले. खासगी संस्था तर पूर्ण शुल्क आकारतातच. एखादी सल्लागार संस्था ठरावीक खासगी महाविद्यालयाचाच आग्रह धरत असेल, तर तिला त्या महाविद्यालयाकडून मोबदला मिळतो का, हे पालकांनी विचारून घेणे हिताचे आहे.

अखेरचा टप्पा

चौथा अर्ज व्हिसाचा. विद्यार्थ्याने आपल्या निवासाच्या कार्यक्षेत्रातील जर्मन वकिलातीकडेच तो करायचा असतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील रहिवाशांसाठी ते कार्यालय मुंबईत आहे. व्हिसा नाकारला गेल्यास त्याच वकिलातीकडे विनाशुल्क फेरविचार मागण्याची सोय पूर्वी होती. जर्मन सरकारने १ जुलै २०२५ पासून ती जगभर बंद केली. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे, हेच दोन मार्ग उरले आहेत. सामान्य घरातील विद्यार्थ्याला दुसरा मार्ग परवडणारा नाही आणि पहिल्यात सत्र निघून जाण्याची भीती असते. म्हणून पहिलाच अर्ज निर्दोष असणे, हे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

या सर्व अडचणी असूनही जर्मनीचे आकर्षण अनाठायी नाही. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहता येते. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करारही झाला आहे. कुशल मनुष्यबळाची जर्मनीला निकड आहे आणि भारताकडे तरुण पदवीधर आहेत.

मात्र या संधीचे वाटप न्याय्य व्हायचे असेल, तर भारतीय विद्यापीठांनाही आपली जबाबदारी ओळखावी लागेल. ट्रान्सक्रिप्ट ठरावीक दिवसांत देणे, गुणपत्रिकेवर किमान उत्तीर्ण गुण व श्रेणी पद्धत छापणे, विषयवार अभ्यासक्रम संकेतस्थळावर उपलब्ध ठेवणे, यांसाठी मोठ्या निधीची नव्हे तर शिस्तीची गरज आहे. शिष्यवृत्तीच्या निवड याद्याही परदेशी सत्र सुरू होण्याच्या पुरेशा आधी लागल्या, तरच त्यांचा उपयोग. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहता, ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू करायचे असेल तर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच तयारीला लागणे श्रेयस्कर होय.

महानगरातील नामांकित संस्थेचा विद्यार्थी हे सारे अनुभवी माजी विद्यार्थ्यांकडून शिकतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला सांगणारे बहुधा कोणी नसते. म्हणूनच शिक्षणशुल्क नसलेल्या देशातही प्रवेश सर्वांना सारखाच सुलभ आहे असे म्हणता येत नाही. ही दरी कमी करण्याचे पुष्कळसे काम बर्लिनमध्ये नव्हे, तर आपल्याच विद्यापीठांच्या परीक्षा विभागांत व्हायचे आहे.