घरातले नेट कुणाच्या खिशात?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये हल्ली एक तक्रार वारंवार दिसते. मुलीसाठी किंवा सुनेसाठी लॅपटॉप घेतला, कुणाला आखाती देशातून आलेल्या मामांनी दिला, कुणी जुना विकत घेतला. पण घरात ब्रॉडबँड नाही. गावात तार पोहोचलेली नाही, किंवा भाड्याचे घर असल्यामुळे मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. मग लॅपटॉप भाईजानच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. भाईजान सकाळी नऊला कामावर गेले की घरातले नेटही त्यांच्याबरोबर जाते आणि रात्री दहाला परत येते.

आम्ही आमच्या वर्गातल्या मुलींना सहज विचारले, घरी गृहपाठाचा व्हिडिओ कुणाच्या नेटवर पाहता? बहुतेकींनी अब्बांचे नाहीतर भावाचे नाव घेतले. "भाईजान आले की बघते, सर," असे एकीने सांगितले. यात भावाचा दोष नाही. त्याचा मोबाइल त्याच्या कामाचा आहे. पण बारावीची मुलगी सीईटीच्या सराव चाचण्या रात्री दहानंतरच देऊ शकत असेल, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करणारी भाभी दुपारी मोकळी असूनही नेटअभावी बसून राहत असेल, तर लॅपटॉपला घातलेले वीस-पंचवीस हजार अर्धे वाया गेले. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, घराचे नेट घरात राहिले पाहिजे. ते कसे राहील, हे आज सविस्तर पाहू.

मार्ग कोणते?

पहिला मार्ग मोबाइलच्या हॉटस्पॉटचा, तो सर्वांना माहीत आहे. त्यात नवी वस्तू घ्यावी लागत नाही. पण मोबाइल तापतो, बॅटरी लवकर उतरते. पुष्कळशा दोन सिमच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या सिमवर फोन आला की पहिल्या सिमचे नेट तेवढा वेळ थांबते. परीक्षा चालू असताना असे झाले तर पंचाईत. मोबाइल जवळ असेल तेव्हा वायफायऐवजी चार्जिंगची वायर लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. नेट स्थिर राहते आणि मोबाइल चार्जही होत राहतो.

दुसरा मार्ग डेटा कार्डाचा, म्हणजे ज्याला आपण डोंगल म्हणतो. पेन ड्राइव्हसारखी वस्तू, आत सिम, लॅपटॉपच्या यूएसबीत लावली की नेट सुरू. तिला वेगळी बॅटरी नसते, लॅपटॉपच्या विजेवर ती चालते. काही डोंगल स्वतः वायफायही देतात. ते मोबाइलच्या चार्जरला लावले तरी चालते.

तिसरा मार्ग खिशात मावणाऱ्या हॉटस्पॉटचा. त्याला स्वतःची बॅटरी असते आणि एकाच वेळी अनेक उपकरणे त्याला जोडता येतात. लाइट गेली तरी काही तास नेट मिळते. मात्र तो दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवू नये. बॅटरी फुगते, फुगलेली दिसली तर वापर लगेच थांबवावा.

एकट्या विद्यार्थिनीसाठी डोंगल पुरते. दोघी-तिघींना वापरायचे असेल तर वायफाय देणारे उपकरण घ्यावे. काही महागड्या लॅपटॉपमध्ये सिम घालण्याची जागाच असते. आपल्या लॅपटॉपला तशी आहे का, हे खरेदीपूर्वी एकदा पाहून घ्यावे.

जुने डोंगल घेऊ नका

साधारण २००९ ते २०१६ या काळात फोटॉन प्लस, नेटकनेक्ट, एमब्लेझ अशी डेटा कार्डे घरोघरी दिसत. त्यांतली बरीचशी सीडीएमए पद्धतीची होती आणि त्यांचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३.१ मेगाबिट सांगितला जाई. नंतर ३जी डोंगल आले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि चित्र पालटले. सीडीएमए सेवा बंद पडल्या. एअरटेलने २०२० मध्ये आपले ३जी जाळे बंद केले. जिओकडे २जी-३जी कधी नव्हतेच.

हे सांगण्याचे कारण असे की, मोबाइलच्या बाजारात अशी जुनी डोंगल आजही शे-दोनशे रुपयांत विकायला येतात. कपाटातून काढून नातेवाईकही प्रेमाने देतात. त्यांवर ३जी किंवा सीडीएमए लिहिले असेल तर ती आता आपल्या उपयोगाची नाहीत. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ४जी किंवा एलटीई स्पष्ट लिहिलेले असावे. ते कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालणारे, म्हणजे अनलॉक असावे. कंपनीने स्वतःच्या सिमपुरते बांधलेले डोंगल स्वस्त पडते, पण उद्या त्या कंपनीचा सिग्नल घरात मिळेनासा झाला तर अडचण होते. तिसरे, पक्की पावती आणि वॉरंटी. चांगले ४जी डोंगल साधारण दोन हजारांच्या आसपास येते, खिशातला हॉटस्पॉट त्याहून थोडा महाग. खोक्यावर '१५० एमबीपीएस' लिहिलेले असते. तो उपकरणाचा कमाल वेग आहे. घरात त्याच्या कितीतरी कमी मिळतो आणि अभ्यासाला तो पुरतो.

सिम कोणते?

कंपनीची जाहिरात पाहून सिम घेऊ नये. घरातल्या, शेजारच्या माणसांकडे जी वेगवेगळी सिम आहेत, ती घेऊन मुलगी जिथे अभ्यासाला बसते त्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवून पाहावा. एकदा दुपारी, एकदा रात्री. ज्याचे नेट दोन्ही वेळा बरे चालते, ते सिम घ्यावे.

'अमर्याद ५जी' हे शब्द वाचून फसू नये. तो डेटा ५जी मोबाइलवर, ५जी सिग्नल असेल तरच मिळतो. ४जी डोंगलमध्ये तेच सिम घातले तर त्या रिचार्जमधला रोजचा ठरलेला ४जी डेटाच वापरला जातो. तो संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत उतरतो. त्यात व्हिडिओ तर नाहीच, साधे पानही नीट उघडत नाही. तेव्हा रिचार्ज करताना दुकानदाराला एवढेच विचारावे, "यात रोजचा ४जी डेटा किती?" रोजच्या मर्यादेऐवजी महिन्याचा एकगठ्ठा डेटा देणारा रिचार्ज मिळत असेल तर लॅपटॉपला तो जास्त सोयीचा पडतो, कारण अभ्यास रोज सारखा नसतो.

सिम १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीच्याच नावावर मिळते. ते घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर घ्यावे, दुकानदाराने 'देतो चालू करून' म्हणून दिलेले परक्याच्या नावाचे सिम कधीही घेऊ नये. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते.

आणखी एक सूचना. डोंगलमधल्या सिमचा नंबर बँकेला, शिष्यवृत्तीच्या किंवा सीईटीच्या अर्जात देऊ नये. ओटीपीचा संदेश त्या सिमवर, म्हणजे डोंगलमध्ये जाऊन बसतो आणि इकडे अर्जाची वेळ संपते. अर्जात हातातल्या मोबाइलचा, शक्यतो मुलीचा स्वतःचा किंवा अम्मीचा नंबर द्यावा.

डेटाचा हिशेब

किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या भगिनींना हा हिशेब अवघड नाही. आकडे अंदाजाचे आहेत, पण उपयोगाचे आहेत. मध्यम दर्जाचा, म्हणजे ४८० चा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी घेतो. तोच १०८० वर पाहिला तर दीड जीबी किंवा अधिक. फळ्यावरची अक्षरे ४८० वर स्वच्छ दिसतात. समूहाचा ऑनलाइन वर्ग तासाला एक जीबीच्या आसपास जातो. आपला कॅमेरा बंद ठेवला तर थोडी बचत होते. अर्ज भरणे, वाचणे, ई-मेल यांना फारच थोडा डेटा लागतो. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती एकदाच उतरवून ठेवली की पुन्हा नेट लागत नाही.

मग रोजचा दीड-दोन जीबी जातो कुठे? बहुतेक वेळा लॅपटॉप स्वतःच खातो. मोबाइलवर असताना अपडेट वायफायची वाट पाहतात. लॅपटॉपला मात्र हॉटस्पॉटचे वायफाय आणि ब्रॉडबँडचे वायफाय सारखेच वाटते, म्हणून तो मागच्या मागे विंडोजचे अपडेट उतरवू लागतो. ते कधी काहीशे एमबीचे, कधी कित्येक जीबीचे असते. मुलगी म्हणते, "मी काहीच पाहिले नाही," आणि घरातले तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ती खरे बोलत असते.

यावर उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपली जोडणी निवडून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. आता बहुतेक मोठी अपडेट थांबून राहतील. त्याच भागात 'डेटा युसेज' मध्ये कोणत्या प्रोग्रामने किती डेटा खाल्ला, तेही दिसते. यूट्यूबचे आपोआप पुढचा व्हिडिओ लावणे बंद करा. अपडेट मात्र कायमचे टाळू नयेत, सुरक्षेसाठी ते लागतात. महिन्यातून एकदा ज्या नातेवाइकांकडे ब्रॉडबँड आहे तिथे, त्यांना विचारून, लॅपटॉप नेऊन ते उरकून घ्यावेत.

सिग्नल आणि जागा

कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि पत्र्याचे छप्पर, दोन्ही सिग्नलला अडवतात. डोंगल थेट लॅपटॉपला न लावता दीड-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्यावी आणि डोंगल खिडकीत ठेवावे. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. हॉटस्पॉट असेल तर तो खिडकीत किंवा माळ्यावर ठेवावा, लॅपटॉप आत चालेल. उन्हात मात्र ठेवू नये. सिग्नलच्या काड्या पूर्ण असूनही रात्री आठ ते अकरा नेट रांगत असेल, तर डोंगल बिघडले असे समजू नये; त्या वेळी एकाच टॉवरवर सारे गाव असते. जड कामे, म्हणजे व्हिडिओ उतरवणे, फाइल पाठवणे, फज्रनंतर करावीत. तेव्हा तेच नेट धावते.

नवीन सिम लावूनही नेट सुरू होत नसेल तर 'एपीएन' तपासावे. उपकरणाच्या मागे एक पत्ता लिहिलेला असतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की त्याचे पान उघडते. डोंगलच्या सिमवर आलेले संदेशही बहुधा तिथेच वाचता येतात. कंपनीचा एपीएन दुकानदार सांगतो. वायफायचा पासवर्ड त्याच पानावर बदलावा आणि तो आपला मोबाइल नंबर नसावा. शेजाऱ्यांना तातडीने नेट हवे असेल तर जरूर द्यावे, पण आपण समोर असताना. आपल्या सिमवरून कुणी काय केले, याची विचारणा सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच होते.

विश्वासाची गोष्ट

काही पालक स्पष्ट विचारतात, "मुलीच्या हाती दिवसभर नेट द्यायचे का?" काळजी आम्हाला समजते, आम्हीही शिक्षक आहोत. पण तेच नेट मुलाच्या खिशात दिवसभर असते, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. काळजी करायची तर दोघांचीही करावी. लॅपटॉपचे टेबल बैठकीच्या खोलीत असू द्या, अब्बांनी कधी शेजारी बसून "आज काय शिकलीस?" असे विचारावे. अनोळखी लिंक, ओटीपी आणि फोटो यांबद्दल मुलांना आणि मुलींना सारखेच समजावून सांगावे. फसवणूक झालीच तर रागावण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. रागाच्या भीतीने मूल लपवते आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात.

शेवटी एक साधी व्यवस्था सुचवतो. डोंगलची घरात एक ठरलेली जागा असावी, जशी किल्ल्यांची असते. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि तो खर्च दूध-वीजबिलाबरोबर घरखर्चात धरावा, म्हणजे मुलीला दर महिन्याला भावाकडे मागावा लागणार नाही. अब्बा, भाईजान, कुणीही बाहेर जाताना ते डोंगल बरोबर नेऊ नये. एवढा एक नियम घरात पाळला गेला तर दुपारी दोन वाजताही अभ्यास सुरू होईल, इन्शाअल्लाह.