हेपेटायटिस सी: विषाणू हळू कमी झाला, तर औषधं वाढवायची का?
चौथ्या आठवड्यातही रक्तात विषाणू सापडला, की रुग्ण धास्तावतो. या भीतीचं मूळ इंटरफेरॉनच्या काळात आहे. तेव्हा जनुकप्रकार 1 साठी 48 आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागत. विषाणू 12व्या आठवड्यात उरला आणि 24व्यापर्यंत गेला, तर उपचार 72 आठवडे चालत. ताप, थकवा, नैराश्यही तितकंच लांबे.

आता गोळ्या आहेत. सोफोसबुवीर-डाक्लाटासवीरचा कोर्स साधारण 12 आठवड्यांचा. तो वाढवायचा की नाही, हे मुख्यतः सिरॉसिस आणि आधीच्या उपचारांवरून ठरतं. चौथ्या आठवड्यात थोडा विषाणू दिसला, एवढ्यावरून कोर्स वाढवायला ठोस आधार नाही. गोळ्या मध्येच सोडणं मात्र धोक्याचं. खरा निकाल कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी कळतो.

भारतात 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात.